जुन्या वेबसाइटच्या शेजारी वर्डप्रेस : अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकदुकानाचं प्रकरण

दुकान पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातलं. वेबसाइट २०१२ ची, कुठलंही फ्रेमवर्क (तयार सांगाडा) न घेता पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत हाताने लिहिलेली. साठेक फाइली, एक मायएसक्यूएल डेटाबेस, त्यात सहा हजारांच्या आसपास पुस्तकं. दिसायला जुनाट, पण चालते. शोध लागतो, कार्ट भरते, ऑर्डर आली की काउंटरवर मेल पडतो. पुस्तकं भरायचं ॲडमिन पान दुकानातल्या माणसांच्या हाताला इतकं बसलंय की ते न बघताही नोंद करतात.

घोडं अडलं होतं बाकीच्या मजकुरापाशी. नव्या पुस्तकांचे परिचय, लेखक दुकानात येणार असल्याची सूचना, दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जूनच्या आधी शाळांच्या पाठ्यपुस्तकांच्या याद्या. यातली प्रत्येक गोष्ट एचटीएमएल फाइलीत हाताने लिहावी लागे आणि त्यासाठी बाहेरच्या माणसाला फोन करावा लागे. शाळेने यादीतलं एक पुस्तक बदललं की वेबसाइटवर ते बदलायला दोन दिवस. मे महिन्यात दोन दिवस म्हणजे फार झाले.

मालकांच्या अटी साध्या होत्या. मजकूर दुकानातल्या माणसांनाच लिहिता आला पाहिजे, कॅटलॉग आणि ऑर्डर यांना धक्का लागता कामा नये, गूगलवर लागलेले जुने दुवे तुटू नयेत आणि होस्टिंग तेच, एका सर्व्हरवर अनेक साइट ठेवणारं आणि सीपॅनल या नियंत्रण-पानावरून चालणारं शेअर्ड, राहावं.

आधी एकदा काय झालं होतं

वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता लेख टाकता येणारी तयार प्रणाली, जुन्या साइटबरोबर बसवण्याचा हा दुसरा प्रयत्न. पहिला फसला होता आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याची मांडणी कळणार नाही. पहिल्या वेळी वर्डप्रेस एका फोल्डरमध्ये टाकून जुन्या साइटच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर वर्डप्रेसची ‘डब्ल्यूपी-ब्लॉग-हेडर’ ही फाइल जोडली होती. हेतू एवढाच की कुठल्याही पानावर ताजे तीन लेख दाखवता यावेत. हा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला असतो आणि पहिल्या दिवशी चालतोही. इथे मात्र पाठोपाठ पाच दुखणी निघाली.

पहिलं, साइट उघडेचना. जुन्या कोडमध्ये ‘गेट-हेडर’ नावाचं फंक्शन होतं आणि वर्डप्रेसमध्येही त्याच नावाचं आहे. वर्डप्रेसची फंक्शन्स नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, नसतात, सगळी एकाच अंगणात उभी असतात. एकच नाव दोनदा आलं की पीएचपी तिथेच थांबते. हे दुखणं त्यातल्या त्यात बरं, कारण ते लगेच दिसतं. जुन्या फंक्शनचं नाव बदललं आणि ते मिटलं.

दुसरं दिसायला वेळ लागला. कॅटलॉगमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या पानावर गेलं तरी पुस्तकं पहिल्याच पानाची. जुना कोड कितव्या पानावर आहोत ते ‘पेज’ नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (सगळ्या कोडला सामाईक असलेल्या नोंदीत) ठेवत होता. वर्डप्रेस लेखांच्या यादीवरून फिरताना त्याच नावाचं ग्लोबल व्हेरिएबल भरतं आणि त्यात १ टाकतं. ताजे तीन लेख वर दिसले की खालचा कॅटलॉग पुन्हा पहिल्या पानावर.

तिसरं वेळेचं. वर्डप्रेस सुरू होताना पीएचपीचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) करून टाकतं, कारण त्याची आतली सगळी गणितं यूटीसीत चालतात. जुना कोड सरळ तारीख-वेळ विचारायचा आणि भारतीय वेळ मिळेल असं गृहीत धरायचा. परिणामी सकाळी १०:१५ ला आलेल्या ऑर्डरवर पहाटे ४:४५ छापलं जाऊ लागलं. रात्री १२:४० च्या ऑर्डरवर तर आदल्या दिवसाची तारीख, त्यामुळे रोजचा हिशेब जुळेना. इथे टाइमझोन परत भारतीय करावासा वाटतो, पण तसं केलं की वर्डप्रेसच्या तारखा बिघडतात. जुन्या कोडमध्ये जिथे तारीख बनते तिथे ‘एशिया/कोलकाता’ हा झोन उघड सांगणं, एवढाच खरा उपाय.

चौथं, फॉर्ममधून येणाऱ्या मजकुरात अवतरणचिन्हाआधी उलटी तिरपी रेघ दिसायला लागली. पीएचपीने अशी रेघ आपोआप लावणारा ‘मॅजिक कोट्स’ हा प्रकार ५.४ या आवृत्तीत काढून टाकला, पण वर्डप्रेस जुन्या प्लगइनांसाठी (वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांसाठी) तोच प्रकार स्वतः करतं. फॉर्ममधून, पत्त्यातून आणि कुकीतून आलेल्या प्रत्येक मजकुराला रेघा लावून मग पुढे देतं. जुना कोड डेटाबेसमध्ये घालण्याआधी आपली रेघ लावतच होता, त्यामुळे एक रेघ डेटाबेसमध्ये कायमची मुरली. इंग्रजी पुस्तकांच्या नावांत अपॉस्ट्रॉफी भरपूर. ॲडमिन पानावरून एखादं पुस्तक तीनदा दुरुस्त केलं की त्याच्या नावात रेघांची रांगच लागे.

पाचवं सगळ्यात महागात पडलं. पुस्तकांची पानं ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसत होती, पण सर्व्हर प्रत्येक वेळी ‘४०४, पान नाही’ असा संकेत पाठवत होता. पुस्तकांचे पत्ते रीराइटने (सर्व्हरवर पत्ता बदलून घेणाऱ्या नियमांनी) सुबक केलेले होते. ‘डब्ल्यूपी-ब्लॉग-हेडर’ फाइल तो पत्ता बघून वर्डप्रेसमध्ये तसा लेख शोधते आणि सापडला नाही की ४०४ लावते. पत्त्यात ‘ऑथर’ किंवा ‘इयर’ असे शब्द असले तर आणखी गोंधळ, कारण वर्डप्रेस ते स्वतःचे समजतं. पुस्तकाच्या दुकानात लेखकावरून शोध घेणारच, त्यामुळे बारा नंबरचा लेखक वर्डप्रेसला बारा नंबरचा वापरकर्ता वाटला आणि असा वापरकर्ता नसल्याने तिथेही ४०४. माणसाला पान दिसतं, गूगलला दिसत नाही. पुस्तकांची पानं शोधातून गळायला लागल्यावर गूगलचं सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) उघडून पाहिलं गेलं, तेव्हा हे कळलं. ‘डब्ल्यूपी-लोड’ ही दुसरी फाइल जोडली असती तर पाचवं दुखणं टळलं असतं, कारण ती मुख्य शोध चालवत नाही. आधीची चार मात्र तशीच राहिली असती.

वर्डप्रेस जुन्या साइटच्या पोटात घालायचं नाही, हे यातून पक्कं झालं. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहू शकतात, चूल वेगळी असली की.

कोणते पर्याय सोडले

सगळं दुकानच वूकॉमर्स या वर्डप्रेसच्या दुकान-प्लगइनवर नेणं हा पहिला मोह. सहा हजार पुस्तकं, जुन्या ऑर्डरी आणि हाताला बसलेलं ॲडमिन पान, हे सगळं एकदम हलवणं म्हणजे वर्षाचं काम आणि मूळ तक्रार होती लेख लिहिण्याची. वर्डप्रेस फक्त मागे ठेवून मजकूर रेस्ट एपीआयने (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याच्या सोयीने) ओढायचा, हा दुसरा पर्याय. एपीआय २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. पण लेखाचं पूर्वदर्शन, पत्ते, साइटमॅप (शोधयंत्रांसाठी पानांची यादी) हे सगळं हाताने बांधावं लागतं आणि ते सांभाळणारा माणूस दुकानाकडे नाही. वेगळं सबडोमेन (डोमेनच्या नावाआधी शब्द जोडून केलेला स्वतंत्र पत्ता) हा तिसरा पर्याय अलगपणाच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आणि कॅटलॉगचा कोड सुधारता येण्यासारखा नसता तर तोच घ्यायला हवा होता, कारण सीपॅनलमध्ये सबडोमेनला पीएचपीची वेगळी आवृत्ती देता येते.

निवडलं ते असं : त्याच डोमेनवर रोमन अक्षरांत ‘लेख’ नावाचं फोल्डर, त्यात पूर्ण वेगळं वर्डप्रेस, वेगळा डेटाबेस, वेगळा डेटाबेस-वापरकर्ता. जुनी साइट वर्डप्रेसची एकही फाइल उघडणार नाही. वर्डप्रेसही जुन्या साइटचा कोड चालवणार नाही, फक्त काही तयार एचटीएमएल तुकडे घेईल.

पाया : पीएचपी आणि डेटाबेस

जुना कोड पीएचपी ५.६ वर अडकला होता, कारण तो डेटाबेसशी ‘मायएसक्यूएल-कनेक्ट’ घराण्यातल्या फंक्शन्सनी बोलत होता. ती फंक्शन्स डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मध्ये काढून टाकली गेली. ५.६ चा सुरक्षा-पाठिंबा ३१ डिसेंबर २०१८ ला संपला. दुसरीकडे सध्याचं वर्डप्रेस इतक्या जुन्या पीएचपीवर चालतच नाही, त्याची शिफारस ८.३ किंवा पुढची. फोल्डर एकाच डोमेनवर, म्हणजे जुना कोड वर आणणं आलंच.

नावं शोधून बदलण्याइतकं हे सोपं नसतं. त्यांच्या जागी वापरायच्या ‘मायएसक्यूएलआय’मध्ये जोडणी पहिली आणि प्रश्न दुसरा द्यावा लागतो, जुन्यात उलटं होतं. पीएचपी ८.१ पासून चूक झाली की ते गप्प बसत नाही, एक्सेप्शन फेकतं, म्हणजे काम तिथेच अडवतं. जुना कोड वर्षानुवर्षं ज्या चुका गिळत होता त्या सगळ्या एका दिवसात बाहेर आल्या. शिवाय पीएचपी ८ मध्ये शून्य आणि रिकामी अक्षरमाळा आता समान धरले जात नाहीत. कार्टमध्ये ‘संख्या रिकामी असेल तर ओळ काढ’ अशी तुलना होती. ती शून्यालाही रिकामं समजून चालत असे, आता शून्य प्रतींची ओळ कार्टमध्ये तशीच राहिली. अशा तुलना हाताने बघाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. ज्या प्रश्नांत बाहेरून आलेला मजकूर सरळ चिकटवला होता, ते याच फेरीत प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (प्रश्न आणि मजकूर वेगळे देण्याच्या पद्धतीत) बदलून घेतले. एकदा फाइल उघडलीच आहे तर ते सोडू नये.

खरी मेख डेटाबेसमध्ये होती. टेबलं ‘लॅटिन-१’ या युरोपीय अक्षरसंचाची, जोडणीही ‘लॅटिन-१’ची आणि आत मजकूर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणाऱ्या) पद्धतीतली मराठी. दोन्हीकडे एकच खोटं सांगितलं जात असल्यामुळे मराठी नीट दिसायची. नव्या जोडणीत ‘यूटीएफ-८ एमबी४’ असं खरं सांगितलं आणि सगळ्या पुस्तकांच्या नावांची लॅटिन चिन्हांची खिचडी झाली. इथे टेबल सरळ नव्या अक्षरसंचात बदलण्याचा आदेश दिला तर ती खिचडीच डेटाबेसमध्ये पक्की होते. दोन टप्प्यांत जावं लागतं. आधी रकाना बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे मायएसक्यूएल बाइट्सना हात लावत नाही. मग त्याच बाइट्सना ‘हे यूटीएफ-८ एमबी४ आहे’ असं सांगून पुन्हा मजकुराच्या प्रकारात आणायचं. प्रत्येक मजकूर-रकान्याला हे करायचं, आधी डेटाबेसच्या प्रतीवर आणि मग ‘ज्ञानेश्वरी’, ‘ऋ’, ‘ळ’ आणि रुपयाचं चिन्ह असलेल्या नोंदी डोळ्यांनी तपासायच्या.

फोल्डरमध्ये बसवताना

बसवणं स्वतः अर्ध्या तासाचं काम. अडचणी काठावर असतात.

साइटच्या मुळातल्या एचटीॲक्सेस फाइलीत (तिच्यात अपाचे या वेब-सर्व्हरसाठीचे नियम असतात) ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवर पाठव’ असा नियम होता. तो लेखांच्या फोल्डरला लागूच होईना. कारण असं की अपाचेमध्ये आतल्या फोल्डरच्या एचटीॲक्सेसमध्ये रीराइट सुरू केलं की वरच्या फोल्डरचे रीराइट नियम आपोआप उतरत नाहीत आणि वर्डप्रेस आपल्या फोल्डरमध्ये अशी फाइल बनवतंच. एचटीटीपीएसचा नियम आतही पुन्हा लिहिला. लिहिताना वर्डप्रेसच्या ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या दोन खुणांच्या बाहेर, वरती. खुणांच्या आतला मजकूर वर्डप्रेस हवा तेव्हा पुसून नव्याने लिहितं.

शोधयंत्रांना सूचना देणारी रोबोट्सची फाइल फक्त डोमेनच्या मुळाशी असेल तरच वाचली जाते. वर्डप्रेस आपली आभासी रोबोट्स फाइलही डोमेनच्या मुळाशी बसवलेलं असेल तरच दाखवतं, फोल्डरमध्ये नाही. वर्डप्रेसचा साइटमॅप मात्र ५.५ आवृत्तीपासून आपोआप बनतो, त्याचा पत्ता मुळातल्या रोबोट्स फाइलीत एका ओळीने घातला.

कुणी वाचावं-लिहावं ते ठरवणारे फाइलींचे हक्क ६४४, फोल्डरांचे ७५५, कॉन्फिग फाइलीचे ६४०. ॲडमिनमधून थीमच्या, म्हणजे पानांच्या रूपाच्या, फाइली संपादित करण्याची सोय कॉन्फिगमध्येच बंद. प्लगइनं मोजून तीन : बॅकअप, दोन टप्प्यांचं लॉगिन आणि पेज कॅश (एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणं). चौथं मागितलं गेलं तर आधी ‘का’ विचारायचं, हा नियम.

थीम : जुनं डोकं, नवं धड

लेखांची पानं दुकानाच्या साइटसारखीच दिसली पाहिजेत, म्हणून तयार थीम न घेता छोटी थीम लिहिली. क्लासिक थीमला स्टाइल आणि इंडेक्स या दोनच फाइली सक्तीच्या, बाकी गरजेप्रमाणे. एकूण सात फाइलींत काम झालं. जुन्या साइटचा माथा आणि पायथा हे दोन तुकडे वेगळे काढून दोन्हीकडून वापरायचे, असं ठरलं.

लगेच लोगो गायब झाला. जुन्या माथ्यात चित्राचा पत्ता सापेक्ष होता, तो लेखांच्या फोल्डरमधून पाहिला की ब्राउझर त्या फोल्डरच्या आतच चित्र शोधायला लागतो. सगळे पत्ते सुरुवातीला तिरपी रेघ देऊन मुळापासून लिहिले. पानाला दोन शीर्षकं येत होती, एक जुन्या तुकड्यातून आणि एक वर्डप्रेसकडून. तेव्हा तुकडा पानाच्या ‘बॉडी’पासूनच सुरू केला आणि ‘हेड’चा भाग ज्याचा त्याला दिला. ‘डब्ल्यूपी-हेड’ आणि ‘डब्ल्यूपी-फूटर’ या दोन हाका विसरल्या तर प्लगइनं निमूट बंद पडतात, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.

माथ्यावर कार्टमधल्या पुस्तकांचा आकडा असतो. तो पीएचपी सेशनमधून (प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवरच्या तात्पुरत्या नोंदीतून) छापला जात होता. लेखांच्या पानांवर पेज कॅश लावायची होती आणि तिथे हा आकडा पानाबरोबर कॅशमध्ये गेला असता. एका गिऱ्हाइकाच्या कार्टमधली चार पुस्तकं सगळ्या पुण्याला दिसली असती! म्हणून माथ्यात आकड्याची जागा रिकामी ठेवली आणि पान उघडल्यावर छोटी स्क्रिप्ट जुन्या साइटला आकडा विचारून तिथे भरते. दोन्हीकडे हाच तुकडा वापरता आला, हा वरचा फायदा.

जुन्या स्टाइलशीटने सगळ्या परिच्छेदांचं अंतर आणि याद्यांच्या टिंबखुणा काढून टाकलेल्या होत्या, २०१२ च्या सुमाराची ती पद्धतच होती. लेखाचं अंग एका वेगळ्या क्लासमध्ये घेऊन त्यापुरतं सगळं परत दिलं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट. इंग्रजीला १.४ पुरतं, मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात. हीच स्टाइल एडिटरलाही दिली, म्हणजे लिहिणाऱ्याला लिहिताना जे दिसतं तेच छापून येतं.

मुखपृष्ठावरचे तीन लेख

ज्यासाठी पहिला प्रयत्न फसला, ते काम इथे उलट्या दिशेने केलं. लेख प्रकाशित झाला की वर्डप्रेसच ताज्या तीन लेखांचा एचटीएमएल तुकडा एका फाइलीत लिहून ठेवतं. जुनी साइट ती फाइल नुसती वाचून दाखवते. वर्डप्रेस बंद पडलं तरी मुखपृष्ठ चालतं, शेवटचे तीन लेख दिसत राहतात.

यात हे काम वर्डप्रेसच्या कोणत्या हुकवर (ठरावीक घटनेच्या वेळी आपला कोड चालवण्याच्या जागेवर) टांगायचं, यावर बरंच अवलंबून आहे. लेखाची स्थिती बदलल्याचा हुक आधी वापरला, तर नव्या लेखाचं मुख्य चित्र तुकड्यात यायचं नाही आणि लेख पुन्हा एकदा अपडेट केला की यायचं. ब्लॉक एडिटर लेख आधी जतन करतो आणि चित्राची नोंद त्यानंतर होते, म्हणून. वर्डप्रेसच्या ५.६ आवृत्तीत ‘डब्ल्यूपी-आफ्टर-इन्सर्ट-पोस्ट’ हा हुक यासाठीच आला, तो चित्र आणि वर्ग जतन झाल्यानंतर चालतो. लेख कायमचा पुसल्यावरही तुकडा नव्याने लिहायला हवा, नाहीतर मुखपृष्ठावर मेलेला दुवा राहतो. लिहिताना थेट त्याच फाइलीवर लिहायचं नाही. शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहून मग तिचं नाव बदलायचं, म्हणजे नेमक्या त्या क्षणी आलेल्या वाचकाला अर्धा तुकडा दिसत नाही.

मराठी पत्ते आणि जुना मजकूर

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं. मराठी शीर्षक असलं की प्रत्येक अक्षरखूण तीन बाइटची आणि पत्त्यात तिचं टक्केवारीचं रूप नऊ चिन्हांचं. ज्या रकान्यात हे साठतं त्याची मर्यादा २०० चिन्हं, म्हणजे जेमतेम बावीस खुणा, त्यातही मात्रा, उकार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘पुणे पुस्तक महोत्सवात काय घ्यावं’ हे काही लांबलचक शीर्षक नाही. त्याचा पत्ता बनतो ‘पुणे-पुस्तक-महोत्सवात-का’. ‘काय’मधला ‘य’ सुद्धा मावत नाही. सुरुवात सारखी असलेले दोन लेख आले की दुसऱ्याला शेवटी नुसता २ चिकटतो. व्हॉट्सॲपवर असा दुवा कॉपी करून टाकला की तीन ओळी टक्क्यांची चिन्हं. म्हणून नियम केला : प्रकाशित करण्यापूर्वी पत्ता रोमन लिपीत, चार-पाच शब्दांत, हाताने लिहायचा. प्रकाशित झाल्यावर तो बदलायचा नाही.

जुने परिचय वर्ड फाइलींत, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. पुण्यात हे व्हायचंच, श्रीलिपी इथल्याच मॉड्युलर इन्फोटेकची आणि पुस्तकधंद्यातली कितीतरी टाइपिंगं त्यात झालेली. असा मजकूर एडिटरमध्ये चिकटवला की अर्थहीन लॅटिन अक्षरं दिसतात, कारण आत मराठी नसतेच, मराठीचं फक्त चित्र असतं. परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणावं लागतं आणि त्याला नेमका फॉन्ट सांगावा लागतो. चुका ठरलेल्या जागी येतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. तेव्हा ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘आर्थिक’ असे शब्द आधी तपासायचे.

एक चूक डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. दोन्ही दिसतात सारखेच. पण परिवर्तकाने एक प्रकार वापरला आणि वाचकाच्या कीबोर्डने दुसरा, तर वर्डप्रेसच्या शोधात लेख सापडणार नाही. आयात करतानाच सगळे एका प्रकारात आणले.

चाचणीतून खऱ्या पत्त्यावर

दिवस निवडण्यात धंद्याचं कॅलेंडर महत्त्वाचं. मे-जून पाठ्यपुस्तकांचा, दिवाळीआधी अंकांची गडबड, डिसेंबरमध्ये आता पुस्तक महोत्सवही असतो. गणपतीचे दिवस तर पेठांत नकोच, रस्ते बंद असताना काउंटरवर बसून कुणाला काही शिकवताही येत नाही. श्रावणातला मंगळवार निवडला.

चाचणीचा पत्ता डेटाबेसमध्ये जागोजागी साठलेला असतो. डेटाबेसची फाइल एडिटरमध्ये उघडून ‘शोधा आणि बदला’ करायचं नाही. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज सीरियलाइझ करून ठेवतं, त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. पत्ता दोन अक्षरांनी लहान झाला आणि आकडा तोच राहिला की ती सेटिंग वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची शोध-बदल आज्ञा ही लांबी स्वतः दुरुस्त करते, आधी ‘ड्राय रन’ करून किती जागा बदलणार ते बघायचं.

सुरू झाल्यावर तीन गोष्टी निघाल्या. चाचणीच्या काळात लावलेली ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही खूण तशीच राहिली होती, त्यामुळे प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ (शोधात घेऊ नका) जात होतं. ती काढली. दुसरी, रविवारी सकाळी सातला ठरवून ठेवलेला लेख साडेनऊला उगवला. वर्डप्रेसचं वेळापत्रक कुणीतरी साइट उघडल्यावरच चालतं आणि कॅशमधून पान मिळालं तर तेही नाही. कॉन्फिगमध्ये ते बंद करून सीपॅनलमधून दर दहा मिनिटांनी खरा क्रॉन (सर्व्हरचं स्वतःचं वेळापत्रक) लावला. तिसरी, काउंटरवरच्या ताईंना ‘कॉन्ट्रिब्यूटर’ केलं होतं आणि त्यांना पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटोच चढवता येईना. त्या भूमिकेला चित्र चढवण्याचा हक्क नसतो. ‘ऑथर’ केलं. फोटो मोबाइलचे, पाच-पाच एमबीचे, तर पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबी. ती आठवर नेली आणि ‘पोस्ट’ची मर्यादा तिच्यापेक्षा जास्त, बारावर. २५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र वर्डप्रेस स्वतः लहान करतं, पण मूळही ठेवतं आणि वेगवेगळ्या मापांच्या प्रतीही बनवतं. शेअर्ड होस्टिंगवर फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते, म्हणून न लागणारी दोन मोठी मापं बंद केली.

यादीतली किंमत

शाळांच्या याद्या वर्डप्रेसमध्ये आल्या आणि एक नवा प्रश्न उभा राहिला : किंमत. यादीत पुस्तकाची किंमत लिहिली की ती दोन ठिकाणी झाली. कॅटलॉगमध्ये बदलली, यादीत जुनीच राहिली, की भांडण काउंटरवर होणार.

त्यासाठी एक शॉर्टकोड (लेखात टाकायची खूण, तिच्या जागी वर्डप्रेस मजकूर छापतं) लिहिला. यादी लिहिणारा फक्त पुस्तकाचा नंबर देतो, नाव, किंमत, दुवा आणि ‘शिल्लक नाही’ची सूचना शॉर्टकोड छापतो. कॅटलॉगच्या डेटाबेसमध्ये यासाठी तिसरा वापरकर्ता केला, त्याला पुस्तकांच्या एकाच टेबलावर वाचण्याचा हक्क, लिहिण्याचा नाही, ऑर्डरींच्या टेबलाकडे बघण्याचाही नाही. मिळालेली माहिती एक तास ट्रान्झिएंटमध्ये (वर्डप्रेसच्या मुदतीच्या साठ्यात) राहते आणि पेज कॅशची मुदतही तेवढीच ठेवली. मे आणि जूनमध्ये दोन्ही पंधरा मिनिटांवर आणायचं. ॲडमिन पानावर किंमत बदलली की कॅश लगेच पुसण्याची सोय करता आली असती, पण मग जुनी साइट वर्डप्रेसला हाक मारायला लागली असती, म्हणून ती केली नाही.

नंबर चुकला तर वाचकाला ती ओळ दिसतच नाही. लॉगिन केलेल्या ताईंना मात्र तिथे लाल अक्षरांत ‘या नंबरचं पुस्तक नाही’ असं दिसतं. आणि कॅटलॉगचा डेटाबेस उत्तर देत नसेल तर यादीतली त्या पुस्तकाची ओळ नुसत्या दुव्यापुरती उरते, त्या वेळी किंमत छापली जात नाही.